माका की दगडी पाला?

गणपतीच्या आधी नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, पत्रीचे वाटे लागतात. त्यात माका म्हणून कधीकधी दगडी पालाच हाती पडतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातले, दोन्ही जमिनीलगत पसरणारे, दोघांचीही पानं समोरासमोर आणि खरखरीत. फुलं नसतील तर घेणारा फसणारच.

म्हणून जुडी फुलासकट मागावी. माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं आणि पानाच्या बगलेतच, आखूड देठावर. दगडी पाल्याचं फूल वीतभर उंच, एकट्या दांड्यावर डुलतं. म्हणून तर त्याला एकदांडीही म्हणतात. मधे पिवळं, भोवती फिकट रंगाच्या चार-पाच पाकळ्या, टोकाशी तीन दाते. सुकलं की म्हातारीसारखं बी वाऱ्यावर उडतं. माक्याचं बी उडत नाही.

फूल नसेल तर माक्याचा कोवळा दांडा बोटांत चुरडा. रस थोड्या वेळात काळपट होतो आणि बोटंही काळी होतात. आणखी एक खूण जागेची. माका ओलीचा सोबती: पाटाच्या कडेला, नाल्यात, भाताच्या बांधावर. दगडी पाला मुरमाड माळ, रस्त्याची कड, द्राक्षबागेचा कोरडा बांध, कुठेही उगवतो.

कामंही वेगळी. माका म्हणजे आयुर्वेदातला भृंगराज. त्याचा रस तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात पाणी आटेपर्यंत मंद आचेवर कढवतात, ते केसांचं तेल. वैद्य यकृताच्या विकारांतही तो देतात. पितृपक्षात श्राद्धाच्या पानाशेजारी तुळशीबरोबर तोच लागतो, त्यामुळे रामकुंडाच्या परिसरात त्या पंधरवड्यात त्याला मागणी असते.

दगडी पाल्याला पत्रीत जागा नाही, असायचं कारणही नाही. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे मागाहून आलेला. पण रानात विळा लागला की गुराख्याचा हात आधी त्याच्याकडेच जातो. पाला तळहातावर चोळायचा, रस जखमेवर पिळायचा, चोथा वर दाबून धरायचा. जखमजोडी हे नाव त्यावरूनच पडलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याच्या अर्काने जखम भरायला मदत झाल्याचं दिसलं आहे, पण तो तपासलेला अर्क होता. रस्त्याकडेचा, धुळीचा पाला नव्हे. विळा गंजका असेल किंवा जखम खोल असेल, तर ती साबणपाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. केसांच्या तेलासाठी मात्र माकाच घ्या, विकणारा काहीही म्हणो.