कौटुंबिक कॅम्परव्हॅन पासिंग करून घेताना: ठाणे-नवी मुंबईतील मालकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

कॅम्परव्हॅन म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली प्रवासाची गाडी बांधायला निघालेले कुटुंब बहुधा सुतारापासून सुरुवात करते. पलंग किती लांब, ओटा दाराजवळ की मागे, मुलांना अभ्यासाला टेबल कुठे, यावर दोन-तीन रविवार जातात आणि आरसी बुकाची म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची आठवण काम संपत आल्यावर होते. हा क्रम उलटा करावा लागतो, कारण गाडीच्या आतली रचना कितपत बदलता येईल, हे गाडी कोणत्या वर्गात नोंदवली आहे त्यावरून ठरते. पलंग नंतर हलवता येतो. परवानगीशिवाय कापलेले छप्पर पुन्हा सांधता येत नाही.

कायदा नेमका काय अडवतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा कोणताही बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना गाडीच्या मूळ संरचनेत बदल चालणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण कॅम्परव्हॅनमध्ये बदल एकटा कधीच येत नाही. आसने काढली की छताला पंखा येतो आणि पंख्यामागोमाग बाजूची खिडकी येते.

आरसीवर शरीरप्रकार (बॉडी टाइप), आसनक्षमता, रिकाम्या गाडीचे वजन, इंधन आणि रंग या नोंदी असतात. आपण करणार असलेले काम यांपैकी एखादी नोंद खोटी ठरवते का, हा प्रश्न प्रत्येक कामापूर्वी स्वतःला विचारला तरी अर्धी अडचण टळते. मागच्या रांगेतली दोन आसने कायमची काढून तिथे कपाट बसवले, तर आसनक्षमता आणि वजन या दोन्ही नोंदी चुकीच्या होतात. तीच आसने दुमडून त्यांवर सुटी फळी आणि गादी टाकली, तर काहीच चुकत नाही.

परवानगी न लागणारी रचना

चौघांच्या कुटुंबासाठी सर्वांत कमी कटकटीचा मार्ग हाच आहे आणि माझ्या मते पहिली दोन वर्षे याच मार्गाने काढावीत. इनोव्हासारखी सात आसनी गाडी किंवा ईकोसारखी व्हॅन तशीच ठेवायची, आणि झोपणे, स्वयंपाक, साठवण यांची सोय सुट्या पेट्यांमध्ये करायची. पेटी गाडीला वेल्डिंगने किंवा बोल्टने जोडायची नाही. मूळच्या हुकांना पट्ट्यांनी घट्ट आवळायची, म्हणजे ती सामानच राहते. शाळा सुरू असताना पेट्या घरी आणि गाडी रोजच्या वापरात, सुट्टी लागली की तासाभरात पुन्हा कॅम्परव्हॅन. वर्षभर वापरायच्या गाडीला हा लवचिकपणा लागतोच, आणि त्यासाठी आरटीओकडे एकही अर्ज करावा लागत नाही.

तरी दोन बंधने राहतात. सामान आणि माणसे मिळून गाडीचे एकूण वजन आरसीवरील कमाल भारक्षम वजनापेक्षा जास्त होता कामा नये. आणि चालत्या गाडीत प्रत्येकाने सीटबेल्ट असलेल्या मूळ आसनावरच बसायला हवे, कितीही हट्ट केला तरी मुलांना मागच्या गादीवर लोळत नेता येत नाही.

तयार किंवा मान्यताप्राप्त कॅम्परव्हॅन

उभे राहता येईल असे छत, पक्का ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय हवे असेल, तर मोठी व्हॅन लागते आणि ती मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडूनच म्हणजे गाडीचा वरचा भाग बांधणाऱ्या कारखान्याकडूनच बांधून घ्यावी लागते. अशा गाडीला नियमांच्या भाषेत मोटार कॅराव्हॅन म्हणतात, आणि तिच्या प्रकारमान्यतेसाठी, म्हणजे गाडीच्या नमुन्याला चाचणीनंतर मिळणाऱ्या मंजुरीसाठी, एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे मानक आहे. राहण्याच्या भागात आसने व टेबल, झोपण्याची सोय (ही आसनांतूनच उघडणारी असली तरी चालते), स्वयंपाकाची सोय आणि साठवणीची जागा असणे आणि टेबल वगळता ही साधने गाडीला पक्की बसवलेली असणे, हा कॅराव्हॅन या संकल्पनेचा गाभा आहे. म्हणजे सुट्या पेट्यांच्या मार्गात जे टाळायचे, तेच येथे अपेक्षित असते, आणि म्हणूनच दोन्ही मार्गांची सरमिसळ करू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्था ही मान्यता देतात. त्यांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या दोन पुण्यात आहेत. मात्र मान्यता ग्राहकाने आणायची नसते. बॉडी बिल्डरने आपल्या नमुन्यासाठी ती घेतलेली असावी लागते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्या प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरील मूळ गाडीचे मॉडेल, चाकांमधील अंतर आणि आसनसंख्या आपल्या गाडीशी जुळते का, हे ओळ न ओळ वाचावे. ‘आमचं सगळीकडे पासिंग होतं’ हे उत्तर प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. मान्यताप्राप्त मॉडेल ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत दिसत नसेल, तर आरटीओतील लिपिकाच्या हाती काही उरत नाही.

आपल्या मनातली रचना मान्य नमुन्याहून वेगळी असेल, तर ती आराखड्याच्या टप्प्यावरच बिल्डरकडून तपासून घ्यावी. ठाण्याच्या जुलैत बंद गाडीत एक रात्र काढलेल्या कोणालाही छतावरचा पंखा चैनीचा वाटणार नाही. भिंतीवर ओल धरते, साधे प्लाय फुगते आणि गादीला तिसऱ्या दिवशी वास येतो. पण त्या पंख्यासाठी छताला भोक पडते. ते मान्य आराखड्यात असेल तर प्रश्न नाही, नंतर गल्लीतल्या गॅरेजमध्ये पाडले तर तो वेगळा बदल ठरतो. हिमाचलच्या थंडीसाठी भिंतींत भरायचे उष्णतारोधक, पावसात दारावर उघडणारे छप्पर, उन्हाळ्यासाठी मोठी बॅटरी, या तिन्ही ऋतूंच्या गरजा पहिल्याच आराखड्यात लिहून द्याव्यात. मागचा भाग वाढवताना मागच्या चाकांपलीकडील लांबी चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांच्या आत आणि एकूण रुंदी २.६ मीटरच्या आत ठेवावी लागते.

वजनाबाबत थोडे थांबून सांगायला हवे, कारण तपासणीत गाड्या येथेच अडकतात. १८ मिलिमीटर जाडीची आठ बाय चार फुटांची प्लायची एक शीट सुमारे ३५ किलो भरते. पलंग, कपाटे आणि ओटा यांत सहा शीट गेल्या की दोनशे किलो सहज होतात. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, २०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी २५ किलोच्या आसपास, आणि माणसे व कपडे अजून चढायचेच आहेत. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी, सांगाडा झाल्यावर आणि शेवटी असे तीनदा गाडी काट्यावर चढवावी. तुर्भे आणि तळोजा भागात ट्रकांसाठीचे वजनकाटे आहेत. तिथली काटापावती गाडीचा क्रमांक व तारखेसह फाइलमध्ये लावावी. शक्य असेल तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोलावीत, कारण पाण्याची टाकी आणि पलंग दोन्ही मागे गेले की एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस (ॲक्सल) जास्त भार उचलतो.

जुनी पिवळ्या पाटीची गाडी घेणार असाल तर

शाळेच्या किंवा कंपनीच्या सेवेतून निवृत्त झालेला टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात मिळतो आणि अनेकांची कल्पना तिथेच पक्की होते. अशी गाडी वाहतूक म्हणजे व्यावसायिक वर्गात असते. खासगी वापरासाठी तिचा वाहतूक परवाना (परमिट) परत करणे, थकीत कर व ई-चलन भरणे, वाहतूक वर्गातून बिगरवाहतूक वर्गात रूपांतर करणे आणि त्यानुसार कराचा हिशेब पुरा करणे, ही कामे आतील बदलांच्या आधी येतात. बिगरवाहतूक वाहनांत ‘खासगी वापराची कॅम्पर व्हॅन’ हा स्वतंत्र वर्ग आहे. पण केवळ आत पलंग टाकल्याने गाडी त्या वर्गात जात नाही, त्यासाठी मान्यतेचा कागद लागतोच. बिगरवाहतूक गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षे आणि नूतनीकरणानंतर एका वेळी ५ वर्षे चालते, आणि १५ वर्षांनंतर राज्यात पर्यावरण कर लागतो. जुनी डिझेल गाडी घेऊन हिवाळ्यात दिल्लीमार्गे उत्तरेकडे जायचा बेत असेल, तर तिथले जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंध आधी पाहावेत.

माझ्या परिचयातल्या घोडबंदर रोडवरील एका कुटुंबाने अशी गाडी घेऊन आधी आतले सगळे काम केले आणि मग रूपांतराचा अर्ज केला. निरीक्षकांनी दार उघडले, आत एकदा नजर फिरवली आणि आरसीवरील आसनसंख्येवर पेन ठेवून विचारले, ‘ही सतरा आसने कुठे आहेत?’ आसने सुताराने भंगारात दिली होती. पुढचे चार महिने गाडी सोसायटीत उभी राहिली.

अर्ज कुठे आणि कोणत्या कागदांसह

आपले निवासस्थान ज्या कार्यालयाच्या हद्दीत आहे, साधारणपणे तेथे अर्ज केला जातो. ठाणे शहरासाठी एमएच-०४, कल्याण-डोंबिवलीसाठी एमएच-०५ आणि नवी मुंबईसाठी एमएच-४३ हे क्रमांक आहेत. बेलापूरपर्यंतचे लोक नवी मुंबईत येतात, पण खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग पनवेलच्या म्हणजे एमएच-४६ च्या हद्दीत आहे. पत्ता ‘नवी मुंबई’ असा लिहिण्याची सवय असल्याने ही चूक वारंवार होते.

नव्या गाडीसाठी नमुना २० (फॉर्म २०) मधील अर्ज, नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र लागते. बॉडी वेगळी बांधली असल्यास ते नमुना २२-अ मध्ये असते, ज्याचा एक भाग चासीचा, म्हणजे इंजिन-चाकांसह गाडीच्या मूळ पायाचा, उत्पादक आणि दुसरा बॉडी बिल्डर भरून देतो. त्यासोबत प्रकारमान्यतेची प्रत, विमा, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि चासीची बिले जोडावीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा. चासी घेऊन बॉडी बांधायची असेल तर आधी तात्पुरती नोंदणी होते. तिची मुदत कागदावर छापलेली असते आणि बिल्डरशी करार करताना तीच तारीख घालावी, सुताराच्या अंदाजाने दिलेली नव्हे.

वापरलेल्या गाडीच्या हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, परराज्यातली असल्यास तिथल्या आरटीओचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, आणि बँकेचा बोजा (गाडीवरचे कर्ज) उतरला असल्यास नमुना ३५ लागतो. बोजा अजून असेल, तर बदलासाठी वित्तसंस्थेची लेखी संमती घ्यावी. तिच्याशिवाय केलेल्या अर्जाचा उपयोग नसतो. पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरपाटी आधीच असावी. अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरून शुल्क ऑनलाइन भरता येते, पण बदल केलेली गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावीच लागते. चासी क्रमांकाची जागा आदल्या दिवशी घासून स्वच्छ करावी. निरीक्षक त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात, आणि क्रमांकावर नवे फ्लोअरिंग चढवलेले असल्यास तिथेच उभे राहून ते उखडावे लागते.

विमा कंपनीला बदलांची लेखी सूचना देऊन पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी. स्वयंपाकासाठी घरच्या पत्त्यावर दिलेला १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेऊ नये. ओळखपत्रावर मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर त्यासाठी ठीक, तोही हवेशीर आणि बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. चालकाला हलक्या मोटार वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंत पुरतो, म्हणजे कौटुंबिक आकाराच्या गाडीला वेगळा परवाना काढायची गरज पडत नाही.

पांढऱ्या पाटीची गाडी मित्रांनाही भाड्याने देता येत नाही. हप्ता सुटावा म्हणून ती भाड्याने द्यायचा विचार असेल, तर गाडी पहिल्यापासून वाहतूक वर्गात नोंदवावी आणि राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करावी. नोंदणीच्या राज्याबाहेर सलग बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास तिथे नवा क्रमांक घ्यावा लागतो, इतकेच वर्षभर फिरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एरवी एका राज्यातली आरसी देशभर चालते.

मंजुरीनंतर नवी आरसी स्पीड पोस्टाने घरी येते. ती हाती पडताच शरीरप्रकार, आसनसंख्या आणि वजन या तीन नोंदी मंजूर कागदांशी ताडून पाहाव्यात आणि चूक असल्यास लगेच दुरुस्तीचा अर्ज करावा. पाकीट येईपर्यंत घर बंद ठेवू नये. दाराला कुलूप दिसले की ते आरटीओकडे परत जाते, आणि ते सोडवण्यासाठी पुन्हा तीच रांग लावावी लागते.