डेस्कटॉपचा पूल स्क्रिप्टने उभा करायची वेळ का आली

प्रशिक्षणवर्गासाठी चाळीस आभासी डेस्कटॉपचा (सर्व्हरवर चालणाऱ्या आणि आपल्या पडद्यावर दिसणाऱ्या डेस्कटॉपचा) पूल, म्हणजे एकसारखा संच, करायचा, तर २०१० च्या सुमारास व्हीएमवेअर कंपनीच्या व्ह्यू या सॉफ्टवेअरच्या कन्सोलमध्ये पानामागून पान असा विझार्ड भरत बसावे लागे. पूलचे नाव, मूळ व्हीएम (आभासी यंत्र), तिचा कोणता स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती), कोणते फोल्डर, कोणते डेटास्टोअर (साठवणीची जागा), किती यंत्रे आधीच चालू करून ठेवायची. एक पूल असेल तर चहा थंड व्हायच्या आत काम उरकते. बारा असतील तर सातव्या-आठव्यापाशी लक्ष ढळते. मी एकदा असाच शेजारचा जुना स्नॅपशॉट निवडला. सोमवारी सकाळी वर्गातल्या सगळ्यांसमोर मागच्या महिन्यातले सॉफ्टवेअर उघडले, तेव्हा ते कळले. तेव्हापासून पूल हाताने करणे मी बंद केले.

पण स्क्रिप्टची गरज केवळ क्लिक वाचवण्यासाठी निर्माण झाली, असे मला वाटत नाही. तिचे मूळ डेस्कटॉप ‘टाकाऊ’ झाला त्या क्षणात आहे.

दुसऱ्याच यंत्रावर चालणारे विंडोज आपल्या पडद्यावर पाहण्याची सोय त्याआधीपासून होती. सिट्रिक्सचे विनफ्रेम १९९५ चे. त्यात एकच विंडोज अनेकांनी वाटून वापरायचे. व्हीएमवेअरने २००१ मध्ये ईएसएक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर) आणि २००३ मध्ये व्हर्च्युअलसेंटर (अशा सर्व्हरांचे एकत्र नियंत्रण करणारे) आणल्यावर, प्रत्येकाला आख्खी स्वतंत्र व्हीएम देता येईल हे लोकांच्या ध्यानात आले. २००६ पासून ‘व्हीडीआय’ (व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर) हा शब्द सर्रास वापरला जाऊ लागला. कोणाला कोणती व्हीएम द्यायची हे ठरवणारा मधला ब्रोकर हवा होता. त्यासाठी व्हीएमवेअरने २००७ मध्ये प्रोपेरो ही कंपनी घेतली.

त्या काळात प्रत्येक डेस्कटॉप म्हणजे पूर्ण प्रत. एका डेस्कटॉपला २० जीबीची डिस्क धरली तरी शंभरांना २ टीबी, आणि तेही महागड्या सामायिक स्टोरेजवर. अशी व्हीएम एकदा बनली की तिची निगा राखायची, तिच्यात पॅच घालायचे, बिघडली तर दुरुस्त करायची. टेबलावरचा पीसी डेटासेंटरमध्ये हलवला, एवढाच फरक.

डिसेंबर २००८ मध्ये व्ह्यू ३ आले आणि त्याबरोबर व्ह्यू कंपोझर. त्याने हे उलटवले. मूळ व्हीएमच्या एका स्नॅपशॉटवरून एक रेप्लिका, म्हणजे हुबेहूब प्रत, तयार व्हायची. सगळे डेस्कटॉप ती केवळ वाचायचे आणि स्वतःचे बदल छोट्या डेल्टा डिस्कमध्ये लिहायचे. यांना लिंक्ड क्लोन म्हणत. पॅच घालायचा तर चाळीस यंत्रांत घालायचा नाही. मूळ व्हीएममध्ये घालून नवा स्नॅपशॉट घ्यायचा आणि पूल ‘रीकंपोझ’ करायचा. जुने डेस्कटॉप जाऊन त्यांच्या जागी नवे उभे राहत. डेस्कटॉप ही जपायची वस्तू उरली नाही, आणि पूल पुन्हा पुन्हा घडू लागले. पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट माणसाने आठवणीवर विसंबून करू नये.

त्याच वर्षांत दुसरीकडे हत्यार तयार होत होते. मायक्रोसॉफ्टच्या जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये ‘मोनॅड’चा जाहीरनामा लिहिला होता. विंडोजच्या प्रशासकालाही लिहून ठेवता येतील आणि एकमेकांना जोडता येतील अशा कमांड हव्यात, आणि त्यांतून नुसता मजकूर नाही तर ऑब्जेक्ट (गुणधर्मांसकट माहिती) वाहावेत, असा त्याचा आग्रह होता. २००६ मध्ये ते पॉवरशेल म्हणून बाहेर पडले. व्हीएमवेअरने २००८ मध्ये त्यावर आपला टूलकिट दिला आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव पॉवरसीएलआय ठेवले. त्यातून होस्ट, व्हीएम, नेटवर्क हाताळता येत. पूल मात्र नाही. पूलची व्याख्या राहायची व्ह्यूच्या ब्रोकरमध्ये, म्हणजे कनेक्शन सर्व्हरमधल्या एलडॅप डिरेक्टरीत (नोंदींच्या कोशात). काही धाडसी लोक थेट तिथे शिरून नोंदी बदलत. एक गुणधर्म चुकला तरी पूल अडकण्याची भीती असे.

सप्टेंबर २०१० मध्ये व्ह्यू ४.५ बरोबर व्ह्यू पॉवरसीएलआय आले. ते कनेक्शन सर्व्हरवरच चालायचे. आपल्या लॅपटॉपवरून चालवायचे तर पॉवरशेल रिमोटिंग (दूरच्या यंत्रावर कमांड चालवण्याची सोय) लावावे लागे. पण ‘ॲड-ऑटोमॅटिक-लिंक्ड-क्लोन-पूल’ ही एक कमांड मिळाली आणि विझार्डचे प्रत्येक पान तिचे एकेक पॅरामीटर झाले. यंत्रांची नावे कशी पडावीत हेसुद्धा साच्यात लिहिता येई: उपसर्गानंतर महिरपी कंसात आकड्याची जागा आणि तो किती अंकी हवा ते. तीन अंकी मागितला की ००१, ००२ अशी नावे पडत आणि यादी नीट क्रमाने लागे.

मग पुढची पायरी आपोआप सुचली. एक्सेलमध्ये प्रत्येक पूलची एक ओळ, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाईल) म्हणून साठवायची, आणि स्क्रिप्टने ओळीमागून ओळ वाचत पूल करायचे. यात एक खाचखळगा होता, तो आजही आहे. माझ्या फाईलमध्ये एका स्नॅपशॉटच्या नावापुढे एक रिकामी जागा राहून गेली होती. पडद्यावर ती दिसत नाही. कमांडला मात्र तो निराळा मार्ग वाटतो. अर्धा दिवस गेला. त्यानंतर प्रत्येक रकाना वाचताच ट्रिम करायचा (कडेच्या रिकाम्या जागा काढायच्या), आणि मूळ व्हीएम व स्नॅपशॉट खरोखर आहेत हे तपासल्याशिवाय एकही पूल करायचा नाही, असे दोन नियम स्क्रिप्टच्या डोक्यावरच घातले.

सिट्रिक्सने डिसेंबर २०१० च्या झेनडेस्कटॉप ५ या आपल्या आभासी डेस्कटॉपच्या उत्पादनात याहून शहाणा मार्ग धरला, असे माझे मत आहे. त्यांचा डेस्कटॉप स्टुडिओ आतून पॉवरशेलच चालवायचा, आणि तुम्ही माऊसने जे केले त्याच्या कमांड वेगळ्या टॅबवर दाखवायचा. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला गुरू नाही.

व्हीएमवेअरकडे पुढे मोठी उलथापालथ झाली. व्ह्यूचे नाव होरायझन झाले, आणि २०१६ च्या होरायझन ७ मध्ये इन्स्टंट क्लोन आले. चालू व्हीएमची मेमरीसकट फांदी फोडायची आणि काही सेकंदांत डेस्कटॉप द्यायचा, असे ते तंत्र. व्ह्यू पॉवरसीएलआय मागे पडले. त्याच्या जागी एपीआय (प्रोग्रामने सॉफ्टवेअरशी बोलण्याची सोय) आला, पण तो एकात एक गुंतलेल्या ऑब्जेक्टचा. साधा पूल करायलाही बरीच जुळवाजुळव. ‘एचव्ही हेल्पर’ हे मॉड्यूल आले तेव्हा कुठे हायसे वाटले. त्यात पूलचे वर्णन जेसन फाईलमध्ये (नाव-किंमत जोड्यांच्या साध्या मजकुरात) लिहून ती एका कमांडला देता येते. पुढे रेस्ट एपीआय (वेबवरून कोणत्याही भाषेतून वापरता येणारा) आल्यावर पॉवरशेलच हवे ही अटही उरली नाही.

मग मार्च २०२० उजाडला. दूरसंचार विभागाने घरून काम करण्याच्या अटी सैल केल्या आणि पुणे, नवी मुंबईतल्या कॉल सेंटर-बीपीओंवर कार्यालयातली माणसे घरून कामाला लावण्याची वेळ आली. अशा वेळी ज्याच्याकडे पूलची व्याख्या फाईलमध्ये लिहिलेली असते, तो आकडा बदलून स्क्रिप्ट पुन्हा चालवतो. ज्याच्या डोक्यात असते, त्याला फोनवर फोन येतात. त्याच वर्षाअखेर फ्लॅश (ब्राउझरमधले ॲडोबीचे जुने तंत्र) बंद झाले आणि फ्लॅशवरचा जुना कन्सोलही गेला. कंपोझरही पाठोपाठ उत्पादनातून काढले गेले.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली, आणि जुलै २०२४ पासून होरायझन ऑम्निसा या वेगळ्या कंपनीकडे आहे. म्हणजे स्क्रिप्टच्या वरच्या ओळी, मॉड्यूलची नावे, लॉग-इनची रीत, सगळे पुन्हा एकदा तपासणे आले. खालच्या सीएसव्हीत मात्र पहिले चार रकाने तेच राहिले आहेत: पूलचे नाव, मूळ व्हीएम, स्नॅपशॉट, किती डेस्कटॉप. पाचवा मी नंतर वाढवला. त्यात हा पूल कोणी मागितला आणि कोणत्या तारखेला, ते लिहितो.