रेल्वेचं वेळापत्रक आणि इंग्रजीचा तास

आठवीच्या फळ्यावर वाक्य असतं, 'ही गोज टु स्कूल.' मुलं ते सुरात म्हणतात, वहीत दहादा लिहितात, चाचणीत पैकीच्या पैकी मार्क मिळवतात. तासानंतर बाई सहज विचारतात, तुझा भाऊ शाळेत कसा येतो? उत्तर येतं, 'ही कम बाय सायकल.' एस गायब!

पोरगं निष्काळजी नसतं. वेगवेगळ्या मातृभाषांच्या शिकणाऱ्यांवर 1970 च्या दशकात झालेल्या अभ्यासांत हेच दिसलं होतं. 'आयएनजी' लवकर तोंडात बसतं, हा एस बराच मागे राहतो, मग तो कितीही आधी शिकवलेला असो. खरं तर जातो-जाते-जातात म्हणणाऱ्या मराठी मुलाला क्रियापद बदलण्याची सवय असते. पण 'जाते' म्हटलं की जाणारी बाई आहे हे कळतं. 'गोज'मधला एस नवं काहीच सांगत नाही, ते काम 'ही'ने आधीच उरकलेलं असतं. अर्थाला अडत नाही म्हटल्यावर तिकडे कान जात नाही, असं याचं एक स्पष्टीकरण देतात.

मग नियम घोटून घेण्यात काय हशील? हाच प्रश्न इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांना पडला. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांत व्याकरणाचा अभ्यासक्रमच बाजूला ठेवला. 'बंगलोर प्रकल्प' म्हणून हा प्रयोग ओळखला जातो. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं किंवा नकाशा. अमुक वाजता पोचायचं तर कोणती गाडी धरावी? आधी शिक्षक असाच एक प्रश्न साऱ्या वर्गासोबत इंग्रजीतून सोडवत, मग तसाच दुसरा प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा. मार्क बरोबर गाडी शोधण्याला, वाक्यरचनेला नाही. डोकं गाडी शोधण्यात गुंतलं की व्याकरण नकळत आत मुरतं, ही प्रभूंची धारणा. आज गटकार्याचा केवढा उदोउदो असतो, पण त्यांचा त्यावर भर नव्हता. मुलं एकमेकांचंच मोडकं इंग्रजी उचलतील ही धास्ती. मला ती रास्त वाटते.

बेरेटा आणि डेव्हिस या अभ्यासकांनी केलेलं प्रकल्पाचं मूल्यमापन 1985 मध्ये प्रसिद्ध झालं. ऐकून-वाचून समजणं, श्रुतलेखन, संदर्भातलं व्याकरण यांत प्रकल्पाची मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. अर्थात तिथले शिक्षक जास्त उत्साही असणार, म्हणून तुलना थोडी सांभाळूनच घ्यायला हवी. शिवाय असा तास घ्यायचा तर शिक्षकाला गाइडाविना चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलता यायला हवं, आणि आपल्याकडे गाडं तिथेच अडतं.

एका चाचणीत मात्र नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांनी बाजी मारली. ती होती सुट्या वाक्यरचनांची, आपल्या घटक चाचणीची सख्खी बहीण.