वागळे इस्टेट ते न्हावा शेवा: लहान निर्यातदारामागे उभ्या राहिलेल्या संस्था

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात तयार झालेला व्हॉल्व्ह ट्रकने काही तासांत न्हावा शेवाला पोचतो. तरीही असा बराच माल एखाद्या व्यापारी निर्यातदाराच्या नावावर परदेशी जातो. गिऱ्हाईक कोण, त्याने भाव काय दिला, हे बनवणाऱ्याच्या कानावरही येत नाही. लहान कारखानदार अडतो तो रस्त्यावर नाही, तर गिऱ्हाईक, उधारी आणि कागद यांच्यापाशी. गेल्या सत्तर वर्षांत या एकेका अडचणीसाठी एकेक संस्था निघाली. कोणती कशासाठी निघाली हे ठाऊक असलं, की कुणाचं दार ठोठावायचं याचा घोळ होत नाही.

पहिली अडचण गिऱ्हाईक मिळण्याची. अभियांत्रिकी मालासाठी १९५५ साली ईईपीसी ही निर्यात प्रोत्साहन परिषद निघाली, रसायनांसाठी १९६३ साली केमेक्सिल, तर १९६५ साली या सगळ्यांचा महासंघ म्हणून फिओ. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२चं. तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट, आणि पुढे खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा. वागळेतल्या इंजिनीअरिंगवाल्याने ईईपीसीकडे जावं, रबाळे-महापेतल्या रसायनवाल्याने केमेक्सिलकडे. सभासद झाल्यावर आरसीएमसी हे नोंदणीपत्र मिळतं आणि परिषदेच्या सामायिक दालनातून परदेशी प्रदर्शनात माल मांडता येतो. एकट्याने स्टॉल घेण्याच्या मानाने हे पुष्कळच परवडतं.

दुसरी अडचण पैसे बुडण्याची. १९५७ साली सरकारने निर्यात जोखीम विमा महामंडळ काढलं, तेच आजचं ईसीजीसी. गिऱ्हाईक दिवाळखोरीत गेलं किंवा त्याच्या देशात युद्ध पेटून पैसे अडकले, तर बुडालेल्या रकमेचा मोठा भाग हा विमा भरून देतो. लहान कारखानदाराला याहून मोलाचा आधार दुसरा नाही, असं आमचं मत आहे. पण दावे फेटाळले जातात ते नेहमीच्याच चुकांनी. गिऱ्हाइकाची पतमर्यादा माल पाठवण्याआधी मंजूर करून घ्यावी लागते. ती आधी साठ दिवसांच्या उधारीवर मंजूर झाली आणि नंतर फोनवर नव्वद दिवस कबूल केले, तर विम्याचा आधार सुटला म्हणून समजा. पैसे थकल्याचं ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. ‘गिऱ्हाईक जुनं आहे, देईल’ म्हणत थांबणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं. आणि ‘माल खराब निघाला’ अशी तक्रार गिऱ्हाइकाने केली, तर त्याच्या देशातल्या न्यायालयातून आपल्या बाजूने निकाल मिळेपर्यंत विमा लागू होत नाही. म्हणून रवानगीआधी त्रयस्थ तपासणीचा दाखला घेऊन ठेवावा.

भांडवलाच्या बाजूने १९८२ साली एक्झिम बँक सुरू झाली, २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, १९९२च्या कायद्याने परकीय व्यापाराचे नियम बदलले. तरी लहान माणसाच्या वाट्याला कागद राहिलेच, आणि पैसे जातात ते तिथेच.

आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी, ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, माहिती बदललेली नसली तरी, तो अद्ययावत करावाच लागतो. नाहीतर बंद पडतो. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या अधिकृत शाखेचा क्रमांक, कस्टम्सकडे नोंदवावा लागतो. न्हावा शेवासाठी नोंदवलेला कोड विमानतळाच्या कार्गोलाही चालेल असं गृहीत धरू नये. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करू देणारं हमीपत्र, आर्थिक वर्षागणिक भरावं लागतं. एप्रिलमध्ये विसरलात तर आधी कर भरा आणि मग परताव्याची वाट पाहा. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या घोषणापत्रात, रोडटेप या कर-परतावा योजनेच्या रकान्यात ‘होय’ ऐवजी ‘नाही’ गेलं, तर त्या खेपेचा परतावा गेलाच. हे बिल कस्टम हाउस एजंट भरतो, तेव्हा दाखल होण्याआधी त्याची चेकलिस्ट मागवून स्वतः वाचावी. लाकडी खोक्यावर आयएसपीएम-१५चा, म्हणजे लाकडातून कीड जाऊ नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का लागतो: उष्णतेची प्रक्रिया केली असेल, तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असावं. शिक्का नसला, तर आतला माल उत्तम असूनही खोकं परदेशी बंदरात अडकतं.

अलीकडची भर म्हणजे २०२२पासूनची डाकघर निर्यात केंद्रं, जिथून लहान पार्सलं टपालाने पाठवता येतात, आणि सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झालेलं ट्रेड कनेक्ट पोर्टल. पण पोर्टलवर अडलेल्याला शेजारचा माणूसच लवकर सोडवतो. त्यासाठी ठाण्यात टिसा आणि नवी मुंबईत ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन या उद्योजकांच्या संघटना आहेत. ज्याच्या चार खेपा गेल्या आहेत असा शेजारी तिथेच भेटतो.

सामायिक सोयीचं खरं मोल पाहायचं तर वाशीत पाहावं. २००७ साली अमेरिकेने विकिरणाच्या, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर भारतीय आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली. फळाला किरणांची किमान ४०० ग्रे (ग्रे हे त्याचं एकक) मात्रा मिळाली पाहिजे. असा संच एकट्या बागायतदाराने बांधायचा म्हणजे अशक्यच. तो राज्याच्या कृषी पणन मंडळाने वाशीत उभारला, म्हणून लहान निर्यातदाराचाही हापूस तिकडे जाऊ शकतो. पण मे २०२५मध्ये तिथे विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेत नाकारल्या गेल्या. कारण निघालं पीपीक्यू-२०३ या, विकिरण झाल्याचा दाखला देणाऱ्या अमेरिकी फॉर्ममधल्या त्रुटीचं. माल परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, असे दोनच पर्याय होते. नाशवंत फळ परत आणण्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून ते नष्ट करावं लागलं आणि निर्यातदारांच्या अंदाजाने सुमारे ५ लाख डॉलर बुडाले. तो फॉर्म निर्यातदार स्वतः भरत नाही, पण त्याची प्रत हातात आल्याशिवाय आणि खेपेचा क्रमांक, पेट्यांची संख्या, तारीख पडताळल्याशिवाय गाडी विमानतळाकडे सोडू नये.