घोडावाहू ट्रेलर, एका घोड्याचा

घोडावाहू ट्रेलर, एका घोड्याचा : मोटारीमागे जोडून एकच घोडा नेण्यासाठी बांधलेली बिनइंजिनाची गाडी. तिला छप्पर, छातीपुढे व पुठ्ठ्यामागे आडवे दांडे, मागे उतरता फाळका आणि माणसापुरते एक बाजूचे दार असते. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियात ती सर्रास दिसते. कोल्हापूर परिसरात घोडागाडी शर्यतीचे, वरातीचे आणि हौसेने पाळलेले मारवाडी-काठियावाडी घोडे आजही बहुतेक टेम्पोतून किंवा पिकअपमधूनच जातात. टेम्पो बांधाला लावायचा, फाळका पाडायचा, मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून पुढे चढायचे, ही इथली रीत. अकलूज किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घेतलेले जनावरही याच रीतीने येते. ट्रेलरचा विचार सुरू होतो तो एखाददुसरा किमती घोडा वारंवार बाहेर न्यावा लागणाऱ्या मालकाकडून.

घोड्याला वाहनातून नेण्याची कल्पना जुनी आहे. इराण्यांनी ग्रीसवरील इ. स. पू. 490 च्या मोहिमेत घोडे वाहणारी गलबते वापरल्याचे ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस सांगतो. अथेन्सने इ. स. पू. 430 मध्ये जुन्या युद्धनौकांतून तशी गलबते प्रथम तयार केली, असे थ्यूसिडिडीझने नोंदवले आहे. रस्त्यावरील वाहनाच्या आरंभाबाबत मात्र एकमत नाही. रूढ समजुतीप्रमाणे त्याचे श्रेय लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांना दिले जाते. (सतीबंदीचा कायदा करणारे गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांचे ते पुतणे.) शर्यतीचे घोडे त्या काळी मुक्कामामागून मुक्काम करत पायी नेत. 1836 मध्ये डाँकास्टर येथील सेंट लेजर शर्यतीच्या तोंडावर बेंटिंक यांचा एलिस हा घोडा दूर दक्षिणेस गुडवुडच्या तबेल्यात असल्याची बातमी होती. तो वेळेत पोचणे अशक्य धरून सट्टेवाल्यांनी त्याच्यावर चढे भाव दिले, म्हणजे तो जिंकल्यास पैजेच्या अनेक पट रक्कम देऊ केली. बेंटिंक यांनी आतून गादी लावलेली, सहा घोड्यांनी ओढायची बंद गाडी करवून घेतली होती. एलिस तीनएक दिवसांत पोचला आणि जिंकला. दुसऱ्या मतानुसार 1816 च्या सुमारास सॉव्हरिन नावाचा घोडा वूस्टरशर परगण्यातून न्यूमार्केटला बैल वाहण्याच्या गाडीतून नेला गेला होता आणि एलिसच्या प्रशिक्षकाला ती हकिकत ठाऊक होती. हे मत अधिक ग्राह्य वाटते. बेंटिंक यांचे श्रेय शोधापेक्षा प्रसिद्धीचे असावे. सट्ट्यातल्या विजयाची कथा लोकांच्या लक्षात राहते, बैल वाहणाऱ्या गाडीची राहत नाही. पुढे रेल्वेत घोड्यांसाठी खास डबे आले आणि मोटारीमागचा ट्रेलर विसाव्या शतकात रूढ झाला.

निवड करताना पहिला प्रश्न ट्रेलरचा नसून तो ओढणाऱ्या गाडीचा असतो. मारवाडी वा काठियावाडी घोड्याचे वजन साधारण 350 ते 450 किग्रॅ., थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचे 450 ते 550 किग्रॅ. भरते. ट्रेलरचे स्वतःचे वजन त्यात मिळवले की एक ते सव्वा टनाची बेरीज सहज होते. गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या निर्मात्याने सांगितलेले असले पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत तो आकडाच नसतो आणि इंजिनाची अश्वशक्ती पाहून काढलेला अंदाज फसवा ठरतो. ओढणे इंजिनाने होते, पण आवरणे गाडीच्या वजनाने व ब्रेकांनी होते. यूरोपीय नियमांत भारासह 750 किग्रॅ.पर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात; घोड्याचा ट्रेलर त्या मर्यादेत बसत नाही. तिकडे प्रचलित असलेला धक्क्याचा ब्रेक ट्रेलर पुढच्या गाडीवर रेलला की आपोआप लागतो. सपाटीला ही योजना उत्तम. आंबा घाटाच्या किंवा गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या लांबलचक उतारावर मात्र तो सारखा दाबलेला राहून तापतो, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग आधीच मोडावा लागतो. घाट नित्याचा असेल तर गाडीतून स्वतंत्रपणे लावता येणारा विजेचा ब्रेक घेणे बरे.

घोड्याने कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहावे, हा अभ्यासकांत दीर्घकाळ चाललेला वाद आहे. गाडी थांबताना घोडा पुढे ढकलला जातो. तोंड पुढे असल्यास तो भार छाती व डोके यांवर येतो, मागे असल्यास पुठ्ठ्यावर. 1990 नंतरच्या काही प्रयोगांत मागे तोंड केलेल्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी आढळले व तोल सुधारल्याचे दिसले. इतर प्रयोगांत फरक नगण्य निघाला, तर मोकळे सोडलेले काही घोडे सातत्याने एकाच दिशेला वळून उभे राहिले. मागे तोंड करण्याचा पक्ष शरीररचनेच्या दृष्टीने बळकट आहे. तथापि पुढे तोंड धरून बांधलेल्या ट्रेलरमध्ये घोडा नुसता फिरवून उभा करणे धोक्याचे होय. घोड्याचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पुढच्या-मागच्या पायांत 1.2 मी. अंतर धरले, तर फिरवल्याने त्याचा गुरुत्वमध्य पाव मीटरभर मागे सरकतो. गाडीला जोडणारा हुक आणि चाकांचा आस यांत 3 मी. अंतर असेल, तर 400 किग्रॅ.च्या घोड्यामुळे हुकावरचा भार 30 किग्रॅ.हून अधिक घटतो. एक टनाच्या ट्रेलरच्या हुकावर 70 किग्रॅ. असायला हवे तिथे निम्मेच उरतात. हुक हलका झाला की ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो, म्हणजे डावी-उजवीकडे झोके खातो. एका आसाच्या ट्रेलरमध्ये हे लवकर घडते. दोन आसांचा ट्रेलर वजनाने व किमतीने जड, पण एक टायर फुटले तरी सावरतो. पुणे-बंगळूर महामार्गावर नियमित जायचे असल्यास तोच पसंत करावा.

शिरोली, गोकुळ शिरगाव वा शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांना ट्रॉली बांधण्याचा सराव आहे आणि मागणीप्रमाणे घोड्याचा ट्रेलर बांधून घेणे अशक्य नाही. पण ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचे जाड स्प्रिंगपाटे रिकाम्या ट्रेलरला उडवतात आणि घोड्याच्या सांध्यांना हादरे देतात. आतील उंची किमान सात फूट हवी. तोल सांभाळण्यासाठी घोडा पाय फाकवतो, म्हणून रुंदीत काटकसर करू नये. जुना ट्रेलर घेताना रंग पाहण्यापेक्षा रबरी चटई उचलून खालची फळी पाहावी. लघवी चटईखाली मुरते आणि वरून धडधाकट दिसणारी फळी खालून कुजलेली निघते. वाकून पेचकस टोचला की कळते.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. डोके उंच बांधून तासन्‌तास नेल्यास श्वासनळीतला मळ खाली निथळत नाही व फुप्फुसाचा दाह होतो. दोरी मान खाली घालता येईल इतकी सैल असावी, हवेच्या खिडक्या दोन्ही बाजूंना असाव्यात. चढवताना मागचा दांडा आधी लावून मग मोहरकी बांधतात, उतरवताना मोहरकी आधी सोडतात. उलट केल्यास बांधलेला घोडा मागे रेटतो. कळपातल्या जनावराला एकट्याचा प्रवास जाचतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आतील आरशाने ही अस्वस्थता काही अंशी कमी झाल्याचे दिसले, सोबतीच्या घोड्याने अधिक. आपल्याकडे न खच्ची केलेले घोडे बरेच असल्याने सोबतीचा उपाय दरवेळी सोयीचा नसतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये ट्रेलरची वेगळी व्याख्या असून त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम घोडे, खेचरे व गाढवे यांनाही लागू असून पशुवैद्याचा दाखला सोबत लागतो. त्यांतील जनावरांमधल्या बांबूंसारख्या तरतुदी ट्रक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या दिसतात. एका घोड्याच्या ट्रेलरमध्ये ते काम आडवे दांडे व गाद्या करतात. सीमेपलीकडे निपाणी-बेळगावकडे जाताना ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा ताजा अहवालही जवळ ठेवतात.