रस फुटू द्या: थाई करीतलं तेल कुठून येतं?

परवा एका मराठी पाककृतीत ‘झटपट थाई ग्रीन करी’ वाचली. साहित्य बरोबर होतं, वीस-पंचवीस मिनिटांचा वेळही वाजवी होता. शेवटी ठळक अक्षरांत सूचना होती: ‘नारळाचं दूध फुटू देऊ नका, आच मंदच ठेवा.’ मालवणी घरातल्या नारळाच्या रसातल्या आमटीसाठी ही सूचना सोळा आणे खरी आहे. थाई करीत मात्र नेमकं उलटं करायचं असतं. मध्य थायलंडच्या स्वयंपाकात हिरव्या किंवा लाल करीची सुरुवातच रस फोडण्यापासून होते, आणि करी इतकी लवकर होते तीही त्यामुळेच.

थाई भाषेत या क्रियेला ‘तॅक मन’ म्हणतात. तॅक म्हणजे फुटणं, मन म्हणजे स्निग्धांश. नारळाच्या पहिल्या दाट रसाला तिथे ‘हुआ कथी’ म्हणतात, म्हणजे रसाचं डोकं. पाणी घालून पुन्हा पिळलेला पातळ रस ‘हांग कथी’, म्हणजे शेपूट. आपण आधी पातळ रस उकळतो आणि दाट रस उतरवताना घालतो. ते आधी डोकं कढईत ओततात, तेल सुटलं की त्यात वाटण परततात, आणि शेपूट मागाहून येते. नारळ तोच, रसही तोच, क्रम उलटा.

यात घडतं काय, ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नारळातलं तेल रंगहीन असतं आणि पाणीही रंगहीन, तरी त्याचं दूध पांढरंशुभ्र दिसतं. कारण तेल त्यात बारीक थेंबांच्या रूपात विखुरलेलं असतं आणि प्रत्येक थेंबाशी प्रकाश वळतो, परततो, फाकतो. अशा मिश्रणाला शास्त्रीय मराठीत पायस म्हणतात, एरवी आपण इमल्शन म्हणतो. ताज्या रसातला थेंब साधारण १० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा. आता हिशेब करा. एका मोठ्या चमच्यात १५ मिलिलिटर तेल मावतं. त्याचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ३० चौरस सेंटिमीटर भरेल. तेच तेल १० मायक्रॉनच्या थेंबांत वाटलं तर पृष्ठभाग होतो ९ चौरस मीटर. एका चमच्यातून तीन मीटर बाय तीन मीटरची खोली! ४०० मिलिलिटरच्या डब्यात १८ टक्के स्निग्धांश धरला, तर तेल-पाण्याची सीमा सुमारे ४३ चौरस मीटर होते. वन बीएचके घराचं क्षेत्रफळ तेवढंच असतं.

तेल आणि पाणी यांना एकमेकांचा शेजार नको असतो. ही सीमा जितकी मोठी तितकी व्यवस्था ऊर्जेच्या दृष्टीने महाग, म्हणून दोन थेंब भेटले की एक होऊ पाहतात. त्यांना अडवतात नारळातली प्रथिनं. ती थेंबाभोवती पातळ साल धरतात. प्रथिनाची पाणी आवडणारी टोकं बाहेर, तेल आवडणारी आत. शिवाय या सालींवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे थेंब एकमेकांना दूर ढकलतात. ही ताटातूट पक्की नसते. रस नुसता ठेवला तरी थेंब वर चढतात, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. चढण्याचा वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. भोवतीचा द्रव पाण्याइतका पातळ धरला, तर १० मायक्रॉनचा थेंब तासाला सुमारे दीड सेंटिमीटर चढतो आणि १ मायक्रॉनचा थेंब त्याच्या शंभराव्या हिश्शाने. पातेल्यातल्या रसावर दोन-तीन तासांत दाट थर येतो तो असा. हे झालं नुसतं साय धरणं. थेंब वर जमले, पण साली शाबूत आहेत. ढवळलं की पुन्हा एकजीव.

आता हा वरचा दाट रस कढईत घालून आच मोठी करा. साधारण ८० अंशांपुढे प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात, जसं अंड्याचं पांढरं घट्ट होतं तसं, आणि ती एकमेकांना चिकटतात. सालींना भोकं पडतात. त्याच वेळी पाणी वाफ होऊन जातं, थेंब दाटीवाटीने एकमेकांवर दाबले जातात, साल फाटते, दोन थेंबांचा एक होतो, चारांचे दोन. शेवटी बाजू पालटते. आधी पाण्यात तेल होतं, आता तेलात पाण्याचे आणि प्रथिनांचे कण. हे कानांनाही कळतं. आधीचा जाड बुडबुडाट थांबतो आणि बारीक चुरचुर सुरू होते. कडेला स्वच्छ तेल दिसू लागतं. आपण कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला ‘तेल सुटेपर्यंत परता’ म्हणतो, ती हीच अवस्था. कोकणात नारळाचा रस आटवून बाळाच्या मालिशीसाठी तेल काढतात, ते याच वाटेवरचं पुढचं टोक.

इतका खटाटोप कशासाठी? एकतर तापमानासाठी. पाणी भरपूर आहे तोवर कढई १०० अंशांच्या वर जात नाही, कारण सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. तेल मोकळं झालं की पारा चढतो, आणि वाटणातला लसूण, कांदे, आंबवलेली कोळंबी १२० अंशांपुढे खरपूस होऊ लागतात. उकळत्या रसात वाटण कालवलं तर ते फक्त शिजतं, कच्चा वास राहतो. तो घालवायला मग अर्धा तास उकळत बसा.

दुसरं कारण सुगंधाचं. गवती चहाचा वास ज्यामुळे येतो ते सिट्राल शुद्ध रूपात २२९ अंशांना उकळतं, पण पाण्याच्या वाफेबरोबर १०० अंशांच्या आतच निघून जातं. गवती चहाचं तेल काढणारी भट्टी याच तत्त्वावर चालते. म्हणजे वाटण नुसत्या पाण्यात उकळणं म्हणजे सुगंधाचं ऊर्ध्वपातन करून तो खिडकीबाहेर पाठवणं. सिट्राल, मकरूट लिंबाच्या पानातलं सिट्रोनेलाल, मिरचीतलं कॅप्सायसिन हे सगळे रेणू तेलात रमणारे आहेत. तेल समोर दिसलं की त्यातले बरेच तिथे विरघळून टिकतात. लाल करीवर लाल तवंग येतो तोही मिरचीतली रंगद्रव्यं तेलात उतरल्यामुळे. हिरव्या करीत मात्र परतणं दोन-तीन मिनिटांत आटपावं. उष्णतेने हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निसटतो, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि रंग शेवाळी होतो.

एवढं वाचून कोणी डब्यातलं दूध कढईत ओतलं, तर पंधरा मिनिटांनीही ते फुटणार नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तसंच झालं होतं. घटकांची यादी बारीक अक्षरांत असते, ती वाचा. पायस टिकवणारं पॉलिसॉर्बेट ६० तिथे ४३५ या क्रमांकाने लिहिलेलं असू शकतं, आणि दाटपणा आणणारा ग्वार गम ४१२ या क्रमांकाने. कारखान्यात थेंब दाबाने फोडून आणखी बारीक करतात आणि सालीला पॉलिसॉर्बेटची जोड देतात. ते प्रथिन नाही, त्यामुळे अंड्यासारखं गोठत नाही. गमाने पाणी दाट होतं, थेंब हलतच नाहीत. अशा वेळी वाट बघू नका. दोन चमचे तेल घाला, त्यात वाटण परता, मग दूध. किंवा फक्त नारळ आणि पाणी लिहिलेला डबा घ्या, न हलवता उघडा आणि वरची साय चमच्याने काढून आधी घाला.

‘एकाच दिशेने ढवळलं नाही तर रस फुटतो’ हे आपल्याकडे ठामपणे सांगतात. थेंबाला दिशा कळत नाही. सतत ढवळल्याने तळाचा रस जास्त तापत नाही, एवढाच त्याचा उपयोग. कुठूनही ढवळा. आणि ज्या तेलाचं मी इतकं कौतुक केलं त्याला औषध समजून रोज चमचाभर पिणं विसरा. खोबरेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेदाम्लं असतात, आणि २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते न वापरण्याचा सल्ला दिला होता. करी चवीसाठी करावी.

बाकीचं काम पटकन होतं. वाटणासाठी गवती चहाची पानं नकोत, बुंधा हवा. थाई वाटणातलं आल्याच्या कुळातलं गलांगल म्हणजे आपलं कोळिंजन, ते काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं मिळतं, ते भिजवून घ्या. ताड-गूळ नसेल तर साधा गूळ चालतो. वाटण परतलं की कोंबडीचे पातळ तुकडे, मग शेपटीचा रस, वांगी, फिश सॉस. आठ-दहा मिनिटांत शिजतं. थाई बेसिलची पानं गॅस बंद करून घालायची. ज्या झाडाचं बी आपण सब्जा म्हणून भिजवतो, त्याच जातीतलं ते आहे.

करी उरली तर फ्रिजमध्ये ठेवा. खोबरेल २४ अंशांना गोठतं, त्यामुळे सकाळी वर हिरवट घट्ट चकती मिळेल. ती काढून टाकू नका. कढईत आधी तीच वितळू द्या आणि तिच्यात शिळा भात परता.