काट्याचा पासंग, ५८५ किलोमीटर उंचीवर

तराजूत माल टाकण्याआधी तो रिकामा उचलून दोन्ही पारडी सारखी आहेत का, हे बघायची जुनी रीत होती. फरक निघाला तर हलक्या पारड्याला लोखंडाचा तुकडा नाहीतर खडा बांधायचा. तोच पासंग. बाजारातला काटा ठरावीक मुदतीनं वैधमापन निरीक्षकाकडून तपासून त्यावर शिक्का मारून घेता येतो. ५८५ किलोमीटर उंचीवरून हवा मोजणाऱ्या उपग्रहाकडे मात्र कोणी निरीक्षक जात नाही. त्याला आपला पासंग आपणच काढावा लागतो, तोही रोज.

आणि तो काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. ओझोनचा थर जिथे असतो त्या स्थितांबरात, ध्रुवांवरचा भाग सोडला तर, ओझोन दहा वर्षांत काही टक्क्यांनीच हलतो. उलट सूर्याची अतिनील किरणं झेलणारा आरसा पहिल्याच वर्षात त्याहून जास्त मंद होऊ शकतो. उपग्रहातले डिंक, रंग आणि वायरींची आवरणं निर्वातात बारीक बाष्प सोडत राहतात. ते थंड आरशावर बसतं आणि अतिनील प्रकाशात भाजून त्याचा चिवट पापुद्रा होतो, जुन्या कढईवर राप चढतो तसा. मग आकडा खाली आला तर तो आकाशात घसरला की आरशात?

हे कोडं किती वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवता येतं, हे पाहायला नासाचा यूएआरएस (अप्पर ॲटमॉस्फिअर रिसर्च सॅटेलाइट) हा उपग्रह फार चांगला. नावाप्रमाणेच वरच्या वातावरणाच्या संशोधनासाठी बांधलेला. १२ सप्टेंबर १९९१ रोजी डिस्कव्हरी यानातून तो वर गेला आणि तीन दिवसांनी यानाच्या यांत्रिक हातानं त्याला कक्षेत सोडलं. लांबी १०.७ मीटर, म्हणजे आपल्या एसटी बसच्या आसपास, वजन सुमारे साडेसहा टन आणि अंगावर दहा उपकरणं. तीन वर्षं चालावा अशी अपेक्षा होती, चौदा वर्षं चालला.

या उपग्रहातली हवा पाहणारी उपकरणं सरळ खाली पाहत नसत. ती बाजूला, पृथ्वीच्या कडेकडे पाहत. तिथे नजर हवेच्या थरांना आडवी छेदून पलीकडच्या काळ्या अवकाशात जाते, त्यामुळे कोणत्या उंचीवर काय आहे हे थर सोलल्यासारखं कळतं. ५८५ किलोमीटरवरून ती कड सुमारे २,७५० किलोमीटर लांब असते, भूगोलाच्या भाषेत २३ अंश दूर. कक्षा विषुववृत्ताशी ५७ अंशांनी कललेली. आता साधी बेरीज-वजाबाकी करा: ५७ अधिक २३ म्हणजे ८०, ५७ वजा २३ म्हणजे ३४. उपग्रह उत्तरेकडे तोंड करून असला तर त्याला ८० अंश उत्तरेपासून ३४ अंश दक्षिणेपर्यंतचं दिसे. अंटार्क्टिका पूर्ण नजरेआड.

मग दक्षिण कधी दिसायची? उपग्रहानं पाठ फिरवली की. आणि तो साधारण दर ३६ दिवसांनी पाठ फिरवायचा.

हा ३६ आकडा कोणी आवडीनं निवडलेला नाही. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्यामुळे अशा कक्षेचं प्रतल रोज सुमारे ४ अंश पश्चिमेकडे सरकतं. सूर्य ताऱ्यांच्या तुलनेत रोज जवळपास १ अंश पूर्वेकडे सरकतो. दोघांत रोज ५ अंशांचं अंतर पडतं. पूर्ण फेरा ७२ दिवसांचा, अर्धा ३६ चा. दर अर्ध्या फेऱ्याला सूर्य कक्षेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. अवरक्त उपकरणांची थंड बाजू मात्र कायम सावलीत हवी, तिच्यावर ऊन पडलं तर संवेदक तापून निकामी. म्हणून सूर्य कक्षेच्या प्रतलात येई त्या सुमारास सगळा उपग्रह उभ्या अक्षाभोवती १८० अंश वळवत. त्यानंतरचे ३६ दिवस तो अक्षरशः उलटा, पाठ पुढे करून उडे. तिथे वारा नाही, त्यामुळे कुठलं टोक पुढे आहे याला महत्त्व नाही. फक्त सूर्याकडे तोंड ठेवणाऱ्या सौरपंखाला आता उलट दिशेनं फिरावं लागे.

तो पंख एकच होता. १९९२च्या जूनमध्ये त्याला फिरवणारी यंत्रणा अडखळली आणि उपकरणं बंद ठेवून आधी वीज सांभाळावी लागली. पंख सूर्याकडे नीट वळत नसेल तर पुढचं गणित बॅटऱ्यांवर येतं. ९६ मिनिटांच्या फेरीत अंधार जास्तीत जास्त ३५ मिनिटांचा. तेवढ्या वेळासाठी ५० अँपिअर-तासांच्या तीन निकेल-कॅडमियम बॅटऱ्या. दिवसाला पंधरा वेळा भरायच्या नि रिकाम्या करायच्या, म्हणजे वर्षाला साडेपाच हजार वेळा. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यावर सगळी उपकरणं एकदम चालवणं परवडेना. शेवटच्या वर्षांत ती पाळीपाळीनं चालवली गेली, भारनियमनासारखी.

आता मूळ मुद्द्याकडे, पासंगाकडे. सूर्यावर नजर ठेवणारी तीन उपकरणं एका फिरत्या मंचावर बसवलेली होती आणि तिघांची युक्ती वेगवेगळी.

सूर्याची एकूण ऊर्जा मोजणाऱ्या ॲक्रिममध्ये एकसारखे तीन संवेदक होते. एक रोज उन्हात, दुसरा अधूनमधून, तिसरा अगदी क्वचित. आपल्या घरात रोजच्या वापरातलं आणि ठेवणीतलं वेगळं असतं, तोच हिशेब. रोजचा संवेदक काळवंडला की ठेवणीतला बाहेर काढून दोघांचा फरक बघायचा. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्यानं बदलते, त्यामुळे ही काटकसर अपरिहार्य होती.

सुसिम हे अतिनील वर्णपटमापक. त्यात रोजची आणि ठेवणीतली प्रकाशवाट तर होतीच, शिवाय चार ड्युटेरियमचे दिवे सोबत दिलेले. दिवा लावायचा, त्याचा माहीत असलेला प्रकाश उपकरणाला दाखवायचा आणि किती कमी दिसतोय ते लिहून ठेवायचं. दिवासुद्धा वापरानं मंदावतो, म्हणून चार. त्यांतले काही फार कमी वेळा पेटवायचे.

तिसरं सोल्स्टिस, तेही अतिनीलच मोजणारं. त्यानं दिवा नेलाच नाही. त्यानं तारे वापरले. निळे, तप्त तारे अतिनील प्रकाशात लख्ख असतात आणि मानवी कालमापनात स्थिर मानता येतात. त्याच आरशातून, त्याच संवेदकावर कधी सूर्य तर कधी तारा पाहायचा. अडचण एवढीच, की सूर्य त्यांच्यापेक्षा कोट्यवधी पटींनी प्रखर. म्हणून सूर्यासाठी अत्यंत अरुंद फट आणि क्षणभराची नोंद, ताऱ्यासाठी रुंद फट आणि कितीतरी लांब नोंद. एका ताऱ्यावर विसंबायचं नाही, अनेकांची सरासरी घ्यायची, म्हणजे एखादा लहरी निघाला तरी उघडा पडतो. मला स्वतःला ही युक्ती तिघांत सर्वांत सुंदर वाटते, कारण यातला प्रमाणदिवा कधी बदलावा लागत नाही आणि पुढच्या पिढीतल्या उपग्रहालाही तोच वापरता येतो. सुसिम आणि सोल्स्टिस यांचे आकडे बहुतेक पट्ट्यांत काही टक्क्यांच्या आत जुळले. दोन परक्या रीतींनी एकच उत्तर आलं, त्यामुळे उरलेला चढउतार सूर्याचा मानता आला.

हेलो या उपकरणाला मात्र पासंगाची जवळजवळ गरजच नव्हती. ते फक्त सूर्योदय आणि सूर्यास्त पाही. दिवसाला पंधरा उदय, पंधरा अस्त. अस्ताच्या वेळी सूर्य आधी हवेच्या वर, निखळ दिसतो. मग दर सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगानं थरांत बुडत जातो. निखळ सूर्याच्या उजेडाशी हवेतून गाळून आलेल्या उजेडाचं गुणोत्तर काढलं की झालं. आरसा मळला असेल तर अंश आणि छेद दोन्ही सारखेच मळलेले, मळ आपोआप कटतो. मिनिटाभराच्या कामात झीज किती होणार? हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड, मिथेन आणि नायट्रिक ऑक्साइड ओळखण्यासाठी उपकरणात त्या-त्या वायूची बंद कुपीच होती. येणारा उजेड एकदा कुपीतून आणि एकदा मोकळ्या वाटेनं नेऊन दोघांची तुलना करत.

पण हेलोचं दुखणं दुसरीकडे होतं, नेमात. त्याची नजर उभ्या दिशेत फक्त २ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे कडेवर १.६ किलोमीटर. सूर्यबिंब ३२ कलांचं. बिंब कडांकडे काळसर होत जातं, त्यामुळे नजर बिंबावर नेमक्या एकाच जागी खिळून राहायला हवी. १ कला चुकली की उंची ०.८ किलोमीटरनं चुकते. आणि हवेची घनता दर सातेक किलोमीटरना एकतृतीयांशाच्या जवळ येत असल्यामुळे एवढ्याशा चुकीत घनता दहा-अकरा टक्क्यांनी चुकते. शिवाय वर्षातले काही दिवस हेलो रिकामाच बसे. सूर्य कक्षेच्या प्रतलापासून ६६ अंशांहून दूर गेला की उपग्रहाला अंधारच पडत नाही. बॅटऱ्यांची चंगळ, पण उदय-अस्त नाहीत, म्हणजे मोजणी शून्य.

त्यात पिनाटुबो. हा फिलिपिन्समधला ज्वालामुखी १९९१च्या जूनमध्ये, उड्डाणाच्या तीनच महिने आधी फुटला होता आणि स्थितांबरात गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब पसरले होते. अवरक्त प्रकाशाला ते अडवतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात खालच्या थरांतले हेलोचे आकडे गढूळ झाले.

मायक्रोवेव्हमध्ये पाहणाऱ्या एमएलएसला त्या थेंबांशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या लहरी दीड ते पाच मिलिमीटरच्या, थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक. शिवाय ते हवेचंच स्वतःचं उत्सर्जन टिपे, त्याला सूर्य लागत नसे, रात्रंदिवस मोजणी. त्याचा अँटेना दर ६५.५ सेकंदांनी कड वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्यानं चाळी. प्रत्येक फेरीत एक फिरता आरसा नजर आधी थंड अवकाशाकडे आणि मग तापमान ठाऊक असलेल्या एका काळ्या ठोकळ्याकडे वळवी. एक गार खूण, एक ऊबदार खूण, मधली मोजपट्टी त्यावरून ठरली. म्हणजे दिवसाला तेराशेहून अधिक वेळा पासंग. तरी एप्रिल १९९३मध्ये पाण्याची वाफ टिपणारा १८३ गिगाहर्ट्झचा संग्राहक बंद पडला तो पडलाच. तेव्हापासून वाफेसाठी हेलोच्या रोजच्या तीस नोंदींवर भागवावं लागलं.

थंडाव्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. क्लेस या अवरक्त उपकरणानं सोबत गोठवलेल्या निऑनचा आणि कार्बन डायऑक्साइडचा साठा नेला होता. थोडक्यात, बर्फाची लादी. ती उडून संपणार हे आधीच ठरलेलं. मे १९९३मध्ये संपली, ठरल्या मुदतीच्या आसपास. ऑक्सफर्डच्या आयसॅम्सनं लादीऐवजी यांत्रिक फ्रीज नेला, म्हणजे मुदतीचा प्रश्नच नको. पण येणारा उजेड लयीत अडवणारी त्यातली फिरती चकती जुलै १९९२मध्ये थांबली आणि उपकरण लादीवाल्याच्याही आधी गेलं.

इतक्या उठाठेवीतून काय मिळालं, त्याचा एकच नमुना. ओझोन खाणारं क्लोरीन समुद्राच्या मिठातून किंवा ज्वालामुखीतून येतं, असा तेव्हा वाद घातला जाई. हेलोनं हायड्रोजन क्लोराइडसोबत हायड्रोजन फ्लोराइडही जगभर मोजला. स्थितांबरात फ्लोरीनला म्हणण्यासारखा नैसर्गिक उगम नाही. ते शीतकपाटांत आणि फवाऱ्यांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या सीएफसींमधूनच, म्हणजे क्लोरीन आणि फ्लोरीन असलेल्या मानवनिर्मित वायूंमधूनच येतं. दोन्ही वायू सोबतच वाढत होते आणि त्यांचं प्रमाण सीएफसींच्या हिशेबाशी जुळत होतं. वादाचा निकाल लागला.

१५ जुलै २००४ रोजी नासाचा ऑरा हा उपग्रह वर गेला, नव्या एमएलएससह. हेलो नोव्हेंबर २००५पर्यंत चालू होतं. डिसेंबरात उरलेलं इंधन जाळून यूएआरएसची कक्षा खाली आणली, सगळं बंद केलं, आणि २४ सप्टेंबर २०११ रोजी तो प्रशांत महासागरावर वातावरणात शिरून तुटला. ऑरा वर गेल्यापासून हेलो बंद होईपर्यंतच्या साधारण सव्वा वर्षात हेलो आणि नवा एमएलएस हे दोन्ही काटे शेजारी टांगलेले होते. पाण्याच्या वाफेसाठी त्यांचे आकडे एकमेकांशी ताडले, तेव्हा हेलोचे काही टक्क्यांनी कमी भरले. त्यामुळे आज स्थितांबरातल्या वाफेचा जो सलग आलेख दिसतो, त्यात जोडण्याआधी या दोन नोंदी एका पातळीवर आणलेल्या असतात, आणि सांधा २००४-०५च्या जागी आहे.